मासा कोणाचा?

कालिदासाच्या शाकुंतलांत सहाव्या अंकाच्या आरंभीं एक धीवर येतो. राजाच्या नांवाची अंगठी त्याच्यापाशीं सांपडल्यामुळें नगररक्षकांनीं त्यास बांधून आणलेलें असतें. रोहित मासा कापीत असतां त्याच्या पोटांत ही अंगठी मिळाली, असें तो काकुळतीनें सांगतो. पण रक्षक त्याच्या धंद्याची थट्टा करतात, आणि एकाचे हात तर त्याच्या वधाची तयारी करण्यासाठीं शिवशिवूं लागतात. इतक्यांत राजाकडून बक्षिस येतें. धीवर त्यांतलें अर्धें रक्षकांस देऊं करतो, तत्काळ तो त्यांचा जिवलग मित्र होतो, आणि मंडळी मद्याच्या दुकानाकडे वळते. दुष्यंताची हरवलेली स्मृति ज्या माशामुळें परत आली, तो मासा या माणसानें धरला होता. परंतु कवीनें त्यास नांव दिलेलें नाहीं. दोघां रक्षकांस नांवें आहेत. धीवर तो नुसता धीवर.

हा प्रवेश आम्हीं पुष्कळ वेळां वाचला व शिकविलाहि. पण ही गोष्ट आमच्या ध्यानांत आली ती अगदीं अलीकडे, आणि तीहि संस्कृत नाटकांच्या अभ्यासांत नव्हे, तर अमेरिकेंतील फ्लॉरिडा संस्थानाच्या किनाऱ्यावरील मत्स्यक्रीडेचें वाङ्मय वाचीत असतां. हौशी माणसानें पैसे देऊन होडी आणि वाटाड्या ठरवावा, खाऱ्या पाण्यांत गळानें मासे धरावे, आणि घरीं येऊन त्यावर पुस्तक लिहावें, असा प्रघात तिकडे शंभरांवर वर्षें चालू आहे. हें वाङ्मय आपल्याकडे फारसें कोणी वाचीत नाहीं. आणि जो कोणी चाळील तो त्यास सुखवस्तु लोकांच्या करमणुकीचें दप्तर समजून बाजूस ठेवण्याचाच संभव अधिक. आमच्या मतें हा समज चुकीचा आहे. या पुस्तकांत एक खरा प्रश्न दडलेला आहे. एकाच्या ज्ञानावर दुसऱ्यानें मिळविलेलें यश कोणाचें म्हणावें? या प्रश्नास कोणतें पुस्तक कितपत सामोरें जातें, एवढ्या एकाच कसोटीवर त्यांतील तीन प्रमुख पुस्तकें आम्ही येथें तपासून पाहणार आहों.

प्रथम हा धंदा काय आहे तें सांगितलें पाहिजे. फ्लॉरिडाच्या दोन्ही किनाऱ्यांस, आणि दक्षिण टोकापासून नैर्ऋत्येकडे पसरलेल्या 'कीज' नांवाच्या बेटांच्या माळेस, उथळ पाण्याचे विस्तीर्ण पट्टे आहेत. कांठानें कांदळ व तिवर यांचीं दाट वनें असतात. आपल्या खाड्यांतील झाडांचेच ते सगे. तळाशीं समुद्रगवत, त्यांत कोळंबी व खेंकडे, आणि त्यांच्यामागें भरतीबरोबर आंत येणारे मोठे मासे. आपल्या जिताड्याची आठवण देणारा स्नूक, घोळीच्या कुळांतला रेडफिश, रुपेरी खवल्यांचा प्रचंड टार्पन, आणि अगदीं गुडघाभर पाण्यांत शेंपूट वर काढून चरणारा बोनफिश, हे त्यांत प्रमुख. उन्हाळ्यांत हें पाणी इतकें तापतें कीं त्यांतला प्राणवायु कमी होतो. मग मासे पहाटे उथळावर चरतात, आणि ऊन चढलें कीं झाडांच्या सावलींत किंवा खोल वाटांकडे सरकतात. दुपारीं विजांचे ढग जमूं लागतात आणि होड्यांस परतावें लागतें. तेव्हां मासा आज, या भरतीस, या वाऱ्यांत, कोठें असेल हें ज्यास ठाऊक तोच वाटाड्या. होडीच्या मागच्या बाजूस यंत्रावर एक लहानसें मचाण असतें. त्यावर उभा राहून तो लांब दांड्यानें होडी निःशब्दपणें रेटीत असतो आणि पाण्यांत पाहत असतो.

दोन वर्षांपूर्वीं जून महिन्यांत आम्ही टॅम्पा येथें पुतण्याकडे गेलों असतां त्यानें आमच्या वाढदिवसानिमित्त अशी एक होडी अर्ध्या दिवसासाठीं ठरविली. आम्ही जन्मांत गळ हातीं धरला नव्हता, आणि ज्या घरांत वाढलों तेथें मासा या शब्दाचा उच्चारहि हळूच होत असे. पुतण्यास नाहीं म्हणवेना म्हणून गेलों. उजाडण्यापूर्वींच वाटाड्या धक्क्यावर तयार होता. प्रथम त्यानें एक जाळें हातांवर व खांद्यावर घडी करून असें कांहीं फेंकलें कीं तें हवेंतच गोल उमललें. कोंकणांत ज्यास पाग म्हणतात तेंच तें. त्यांत तारलीसारखीं लहान मासळी आली. तें आमचें आमिष. पुढें त्यानें आम्हांस होडीच्या नाळेवर उभें केलें आणि घड्याळ समजावून दिलें: नाळेच्या समोर बारा, उजव्या हातास तीन, डाव्या हातास नऊ. मग तो मचाणावर चढला.

थोड्या वेळानें वरून शब्द आले, "अकरा वाजतां, चाळीस फूट." आम्हीं पाहिलें, पाण्यावर चकाकी होती, दुसरें कांहीं नव्हतें. "दिसला?" आम्ही नाहीं म्हणालों. "हरकत नाहीं. तेथें टाका." आम्हीं टाकला तो भलतीकडे. दुसऱ्यांदां तसेंच. तिसऱ्यांदां गळ सांगितल्या जागेच्या जवळपास पडला, आणि काठी एकाएकीं वांकली. मासा झाडांच्या मुळांकडे धांवला. तेथें पोंचता तर दोरी तुटतीच. पण वाटाड्यानें दांड्याचा एकच रेटा देऊन होडी, आम्ही आणि मासा, तिघांनाहि मोकळ्या पाण्यांत ओढून नेलें. तो स्नूक होता. कुशीवर काळी रेघ ओढलेला, सुमारें हातभर लांबीचा. उन्हाळा हा त्याचा अंडीं घालण्याचा काळ. म्हणून त्या किनाऱ्यावर तेव्हां तो ठेवून घेण्यास बंदी असते. आमच्या हातीं त्यास क्षणभर देऊन वाटाड्यानें चित्र काढलें, मग पाण्यांत धरून तो सावध होईपर्यंत जपलें आणि सोडून दिलें.

तें चित्र पुतण्यानें त्याच सायंकाळीं साऱ्या कुटुंबास पाठविलें. खालीं लिहिलें होतें, "काकांनीं धरलेला पहिला मासा." पुण्याहून, नाशिकहून अभिनंदनें आलीं. आम्हांस गंमत वाटली, थोडा अभिमानहि वाटला. रात्रीं निजतांना मात्र एक विचार मनांत आला आणि तो कांहीं केल्या जाईना. आम्हीं मासा पाहिला नव्हता. कोठें टाकावें हें ठरविलें नव्हतें. आमिष धरलें नव्हतें, होडी चालविली नव्हती, मुळांपासून मासा वांचविला नव्हता, आणि त्यास सोडलें तेंहि आम्हीं नव्हे. ज्यानें हें सर्व केलें तो चित्रांत नव्हता. कारण चित्र त्यानेंच काढलें होतें.

या क्रीडेचे नियम पाहिले तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. माशांच्या उच्चांकांची नोंद ठेवणारी 'इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन' ही संस्था १९३९ सालीं स्थापन झाली. तिचा एक नियम असा कीं, मासा गळास लागल्यावर तो खेळवीत असतां धरणाऱ्यावांचून दुसऱ्या कोणीं काठीस, चरखीस किंवा दोरीस हात लावला तर तो मासा नोंदीस अपात्र ठरतो. नियम रास्त आहे. त्याशिवाय स्पर्धेस अर्थ उरणार नाहीं. पण त्याची दुसरी बाजू पाहा. वाटाड्यानें मासा शोधावा, दाखवावा, होडी नेमकी तेथें न्यावी, कसें टाकावें व केव्हां ओढावें तें सांगावें, हें सर्व चालतें. फक्त हात लावूं नये. म्हणजे डोळे, स्मरण आणि शहाणपण हीं उसनीं आणलेलीं चालतात, बाहुबल तेवढें स्वतःचें लागतें! जगांत इतरत्र यश हें बुद्धीकडे आणि श्रम हातांकडे लावण्याची रीत आहे. येथें नेमकें उलट, आणि दोन्ही ठिकाणीं यश जातें तें पैसे देणाऱ्याकडेच.

आतां पुस्तकांकडे वळूं. पहिलें झेन ग्रे याचें 'टेल्स ऑफ फिशेस' (१९१९). ग्रे हा मूळचा दंतवैद्य. पुढें अमेरिकेच्या पश्चिमेकडील रानटी जीवनावरील कादंबऱ्यांनीं तो फार मोठा लोकप्रिय लेखक झाला. मिळालेल्या पैशाचा मोठा भाग त्यानें समुद्रावर खर्चिला. कीज बेटांतील लाँग की येथें रेल्वेवाल्यांनीं वसविलेला मत्स्यक्रीडेचा एक तळ होता; तेथील मंडळाचा ग्रे हा पहिला अध्यक्ष. १९३५ च्या सप्टेंबरांतील चक्रीवादळानें तो तळ आणि बेटांवरून जाणारी ती रेल्वे या दोहोंचाहि शेवट केला. म्हणून आज त्या जीवनाचा एक दस्तऐवज या दृष्टीनेंहि हें पुस्तक मोलाचें आहे.

त्यांतील बोनफिशवरचें प्रकरण आम्हांस सर्वांत सरस वाटलें. मोठमोठे मासे मारलेला हा माणूस या लहान, लाजऱ्या माशापुढें विद्यार्थी होऊन बसतो. भाऊ बरोबर आहे. दोघे दिवसचे दिवस उथळावर घालवितात, फसतात, चडफडतात, पुन्हां जातात. माशाचा तो नाजूक स्पर्श दोरींतून बोटांस कळेपर्यंत ग्रे स्वतःस हंसतो आणि वाचकासहि हंसूं देतो. शिकणें हाच खरा आनंद, हें तत्त्व त्यानें उपदेश न करतां अनुभवानें पटविलें आहे. एवढ्यापुरतें हें पुस्तक उत्तम होय.

पण आमच्या कसोटीस तें अर्धेंच उतरतें. ग्रे होडीवाल्यांचीं नांवें देतो, त्यांची स्तुतिहि करतो. कृतघ्नपणाचा दोष त्यास देतां येणार नाहीं. तथापि ती स्तुति मालकानें विश्वासू माणसाची करावी त्या जातीची आहे. होडीवाला कुशल आहे, धीट आहे, सहनशील आहे. परंतु त्यास काय ठाऊक आहे आणि तें त्यास कसें ठाऊक झालें, याची जिज्ञासा ग्रे यास नाहीं. माशाकडून शिकलेलें तो पानेंच्या पानें सांगतो; माणसाकडून शिकलेलें एका वाक्यांत आटपतो. तो माशापुढें नम्र झाला, माणसापुढें नाहीं.

दुसरें पुस्तक अर्नेस्ट हेमिंग्वे याची 'टु हॅव अँड हॅव नॉट' (१९३७) ही कादंबरी. हेमिंग्वे त्या वेळीं की वेस्ट येथें राहत होता, 'पिलार' नांवाची स्वतःची होडी बाळगीत होता, आणि वर सांगितलेल्या संस्थेचा पुढें उपाध्यक्षहि झाला. कादंबरीचा प्रारंभ खोल समुद्रावरचा आहे, उथळावरचा नव्हे. परंतु भाड्याची होडी, तिचा कॅप्टन आणि पैसे देणारा पाहुणा हें त्रिकूट तेंच. आणि येथें एक मोठें स्थित्यंतर झालें आहे: कथा पाहुणा सांगत नाहीं, कॅप्टन सांगतो. हॅरी मॉर्गन पाहुण्याकडे पाहतो. आजवर पाहुणा त्याच्याकडे पाहत होता.

जॉन्सन नांवाचा हा पाहुणा कित्येक दिवस हवानाच्या समुद्रांत मासे धरीत आहे. तो सांगितलेलें ऐकत नाहीं, आणि एका प्रचंड माशाच्या हिसड्यासरशीं हॅरीची मौल्यवान काठी व चरखी समुद्राच्या तळाशीं जाते. त्यांचें मोल आणि साऱ्या दिवसांचें भाडें उद्यां देतों असें सांगून तो विमानानें पसार होतो. हीं पानें लिहितांना हेमिंग्वेची लेखणी अत्यंत अचूक चालली आहे. पाहुण्याच्या हातांकडे पाहणारा कॅप्टन, त्याची पुढची चूक आधींच ओळखणारा आणि तरीहि हात लावूं न शकणारा, हें चित्र ज्यानें कधीं अननुभवी धन्याखालीं काम केलें आहे त्याच्या काळजास झोंबल्यावांचून राहणार नाहीं. ज्ञान एकाचें आणि अधिकार दुसऱ्याचा, ही या धंद्याची मूळ वेदना वाङ्मयांत प्रथम येथें उमटली, असें आम्हांस वाटतें.

दुर्दैवानें हेमिंग्वे तेथें थांबत नाहीं. बुडालेल्या पैशापायीं हॅरी चोरट्या व्यापाराकडे वळतो. माणसें आणि दारू यांची ने-आण, गोळीबार, तुटलेला हात, आणि शेवटीं मरण. एकटा माणूस या जगांत टिकाव धरूं शकत नाहीं, हें त्यास मरतां मरतां उमगतें. धक्क्यावरील श्रीमंतांच्या नौका आणि त्यांतील पोकळ आयुष्यें यांचेंहि चित्र शेवटीं येतें. हें सर्व सामाजिक दृष्ट्या महत्त्वाचें असेल; परंतु यांत हॅरीची विद्या हरवली. ज्या क्षणीं तो मासे सोडून बंदुकीकडे वळतो, त्या क्षणीं तो इतर शेंकडों कादंबऱ्यांतील शूर, दुर्दैवी पुरुषांसारखा होतो. त्याच्या गरिबीनें लेखकाचें मन हेलावलें. त्याच्या कौशल्यावर एक सबंध कादंबरी उभी राहूं शकेल हें मात्र लेखकाच्या मनांत आलें नाहीं.

तें मनांत आलें टॉमस मॅग्वेन याच्या. त्याची 'नाइंटी-टू इन द शेड' ही कादंबरी १९७३ सालीं निघाली आणि अमेरिकेंतील नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादींत आली. नांवांतील ब्याण्णव म्हणजे सावलींतील उष्णमान. आपल्या मापानें सुमारें ३३ अंश. कोंकणांतल्या वाचकास यांत नवल वाटणार नाहीं. पण दमट हवेंतलें हें ब्याण्णव माणसाचा विवेक कसा हळूहळू वितळवितें, हें या पुस्तकांत पानोपानीं जाणवतें.

कथा थोडक्यांत अशी. टॉमस स्केल्टन हा तरुण बिघडलेल्या आयुष्यांतून सांवरून की वेस्ट येथें परततो आणि उथळ पाण्यावरचा वाटाड्या होण्याचें ठरवितो. निकोल डान्स हा जुना वाटाड्या. प्रथम त्याची एक क्रूर थट्टा, त्याच्या उत्तरादाखल स्केल्टननें त्याची जाळलेली होडी, आणि मग डान्सचें शपथेवर सांगणें: तूं या पाण्यावर वाटाड्याचें काम केलेंस तर मी तुला ठार मारीन. स्केल्टनचा बाप आहे, आजोबा आहेत, त्याच्यावर प्रेम करणारी मुलगी आहे. सर्वांस ठाऊक आहे कीं डान्स बोलल्याप्रमाणें करील. स्केल्टनलाहि ठाऊक आहे. तो नवी होडी बांधवितो, पहिला पाहुणा घेऊन निघतो, आणि डान्स आपला शब्द पाळतो.

सामान्य वाचक विचारील, दुसरा धंदा नव्हता काय? हा प्रश्न कादंबरीच्या मर्मावरच बोट ठेवतो. मॅग्वेनचें उत्तर वादानें दिलेलें नाहीं. तें त्यानें पाण्याच्या वर्णनांतून दिलें आहे. वाटाड्या उथळावर उभा राहून काय पाहतो, भरतीचा कोणता क्षण कोणत्या वाळूवर काय घेऊन येतो, हें त्यानें अशा तन्मयतेनें लिहिलें आहे कीं या माणसास हें सोडून दुसरें जगणेंच शक्य नाहीं असें वाचणारासहि वाटूं लागतें. येथें विद्या ही पोटाचें साधन राहिली नाहीं, तीच पुरुषार्थ झाली. पाहुणा कोण, त्यानें मासा धरला कीं नाहीं, हें सर्व गौण आहे. आमच्या प्रश्नास सरळ उत्तर देणारें हें पहिलें पुस्तक: मासा ज्यास दिसला त्याचा.

दोष याहि पुस्तकांत आहेत. भाषा पुष्कळ ठिकाणीं स्वतःवरच खूष होऊन थबकते. चमत्कारिक पात्रांची गर्दी नको इतकी आहे. त्याहून गंभीर दोष असा कीं, स्केल्टन हा शिकलेला, निवड करणारा तरुण आहे. त्याच्या होडीमागें आजोबांचा पैसा उभा आहे. जो या धंद्यांत जन्मला, ज्यास निवड नव्हती, उद्यांचा पाहुणा न आला तर ज्याच्या घरीं चूल पेटण्याची पंचाईत, त्याचें मन या कादंबरीस लागत नाहीं. डान्समध्यें तें मन थोडें डोकावतें, आणि म्हणूनच कित्येक वाचकांस खलपुरुष नायकापेक्षां अधिक खरा वाटेल. मॅग्वेनचा 'द लाँगेस्ट सायलेन्स' हा निबंधसंग्रह (१९९९) या बाबतींत अधिक समंजस आहे. मासे धरण्याच्या छंदांत खरें मोल आहे तें मासा न लागण्याच्या दीर्घ शांततेस, हा त्यांतील विचार प्रौढ आहे. तथापि त्या शांततेंतहि कोणीतरी मागें उभें राहून होडी रेटीत असतें.

आमच्या मतें या साऱ्या वाङ्मयाची खरी उणीव त्यांत जें आहे त्यांत नसून जें नाहीं त्यांत आहे. दोनच उदाहरणें देतों. १९९४ च्या नोव्हेंबरांत फ्लॉरिडाच्या मतदारांनीं मोठ्या बहुमतानें राज्यघटनेंत दुरुस्ती करून किनाऱ्यालगतच्या पाण्यांत मासे अडकविणाऱ्या जाळ्यांस बंदी घातली; १९९५ च्या जुलैपासून ती अमलांत आली. हौशी गळवाल्यांच्या संस्था या बंदीच्या बाजूनें होत्या. अंड्यांनीं भरलेल्या बोयांची बेसुमार धरपकड आणि जाळ्यांत गुरफटून मरणारे इतर जीव, हीं त्यांचीं कारणें पोकळ नव्हतीं. पण कॉर्टेझसारखीं गांवें, जेथें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर कॅरोलिनाहून आलेलीं कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्या जाळ्यांवर जगत होतीं, त्यांच्या आयुष्याची घडी या मतदानानें विसकटली. सीडर की येथील कित्येक मच्छीमार शिंपल्यांची शेती करूं लागले. एकच पाणी, एकच मासा. त्यावर हक्क कोणाचा, खाणाराचा कीं खेळणाराचा? कादंबरीस याहून मोठा विषय कोणता? तरी वरील परंपरेंत त्याला साजेशी कलाकृति आमच्या पाहण्यांत नाहीं.

दुसरें उदाहरण फ्लॉरिडाच्या पूर्वेस, बहामा द्वीपसमूहांतील बिमिनी बेटाचें. तेथील होड्या बांधणारे व बोनफिशचे वाटाडे अन्सिल साँडर्स यांनीं डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांस १९६४ सालीं, नोबेल पारितोषिकाच्या भाषणाच्या तयारींत ते असतांना, आणि पुन्हां १९६८ सालीं, आपल्या होडींतून कांदळवनांत नेलें होतें. तें मासे धरण्यासाठीं नव्हे, तर शांतपणें बसून लिहितां व विचार करतां यावा म्हणून. कोठें मासा आहे हें ज्यास ठाऊक, त्यासच कोठें शांतता आहे हेंहि ठाऊक असतें. वाटाड्याच्या विद्येचा याहून थोर उपयोग आम्हांस ठाऊक नाहीं. पण ही गोष्ट वर्तमानपत्रांतून आणि लोकांच्या आठवणींतून कळते, मत्स्यक्रीडेच्या प्रसिद्ध ग्रंथांतून नव्हे.

मराठी वाचकास या ठिकाणीं हेमिंग्वेच्याच 'द ओल्ड मॅन अँड द सी' (१९५२) ची आठवण होईल; पु. ल. देशपांडे यांनीं 'एका कोळियाने' या नांवानें ती आपल्या भाषेंत आणली आणि ती आपल्याकडे घराघरांत पोंचली. ती इतकी लोकप्रिय कां झाली? कारणें पुष्कळ असतील. त्यांतलें एक आमच्या विषयाशीं संबद्ध आहे. तेथें होडींत पाहुणा नाहीं. म्हाताऱ्यानें मासा शोधला, त्यानेंच धरला, आणि त्यानेंच गमावला. यश, अपयश, दोन्ही निखळ त्याचीं. वाटणीचा प्रश्न उरत नाहीं, आणि वाचकाचें मन मोकळेपणानें त्याच्या बाजूस जातें. परंतु शेवटच्या पानावर लेखकानें प्रवाशांची एक जोडी उगाच आणलेली नाहीं. ती माशाचा तो प्रचंड सांगाडा पाहते, उपाहारगृहांतल्या नोकराचें बोलणें अर्धवट समजते, आणि तो शार्क माशाचा सांगाडा समजून त्याच्या शेंपटीचें कौतुक करते. कित्येक वाचक हा भाग घाईनें उलटतात. आम्हांस आतां वाटतें कीं तीं दोघें म्हणजे होडींत नसलेला तो पाहुणाच होय. १९३७ सालीं जॉन्सनच्या रूपानें पैसे बुडवून पळालेला गृहस्थ पंधरा वर्षांनीं पुन्हां आला आहे. या खेपेस तो कोणाचें कांहीं बुडवीत नाहीं, फक्त त्यास कांहीं दिसत नाहीं.

सारांश, ग्रेचें पुस्तक शिकण्याच्या आनंदासाठीं वाचावें, हेमिंग्वेच्या कादंबरीचा पहिला भाग अन्यायाच्या अचूक चित्रासाठीं वाचावा, आणि मॅग्वेनची कादंबरी तिच्या सर्व दोषांसह वाचावी, कारण वाटाड्याच्या दृष्टीस तिनेंच पूर्ण मान दिला आहे. मात्र मचाणावरच्या माणसानें स्वतः, दुसऱ्याच्या कौतुकावांचून आणि दुसऱ्याच्या दयेवांचून, लिहिलेलें थोर पुस्तक अद्यापि यावयाचें आहे. तें आलें म्हणजे वरील तिन्ही पुस्तकांचा पुनर्विचार करावा लागेल. तोंपर्यंत वाचकानें एवढें करावें: अशा पुस्तकांत 'मी मासा धरला' असें वाक्य आलें कीं क्षणभर थांबावें आणि तो कोणीं दाखविला होता हें शोधावें. आम्हां टीकाकारांसहि हें पथ्य उपयोगी पडेल. कारण आमचाहि धंदा दुसऱ्याच्या होडींत उभें राहून बोट दाखविण्याचाच आहे, आणि पुष्कळदां आम्ही दाखवितों तेथें चकाकीवांचून कांहीं नसतें.

हा लेख लिहावयास घेतला तेव्हां टॅम्पाच्या त्या चित्राखालची ओळ बदलावी असें आम्हीं ठरविलें. 'काकांनीं धरलेला' हे शब्द काढून तेथें वाटाड्याचें नांव घालावयाचें होतें. लेखणी हातीं घेतली, आणि लक्षांत आलें कीं तें नांव आम्हांस आठवत नाहीं. त्यानें पहाटे धक्क्यावर हात पुढें करून तें सांगितलें होतें, हें आठवतें. साडेचार तास आम्ही त्यास 'कॅप्टन' म्हणत होतों. पुतण्यास पत्र घातलें; त्यासहि तें निश्चित सांगतां आलें नाहीं, जुनी पावती शोधून कळवितों म्हणाला. अद्याप उत्तर नाहीं. चित्राखालची जागा रिकामी आहे, आणि धीवरास नांव न दिल्याबद्दल कालिदासास नांवें ठेवण्याचा अधिकार आम्हांस राहिलेला नाहीं.